बेटावर १४ माणसं न्यायची आहेत: तिकिटं काढावीत की अख्खं विमान घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. १४ जणांचं कुटुंब आहे आणि एका लहान बेटावर लग्न आहे. किनाऱ्यावरून तिथे जाणारी एकच छोटी विमान कंपनी आहे. तिचं ९ आसनांचं, दोन इंजिनांचं, पंख वर असलेलं विमान दिवसातून दोनदा जाऊन येतं. उड्डाण अवघं २५ मिनिटांचं. हीच कंपनी चार्टरही देते, म्हणजे अख्खं विमान भाड्याने, पण चार्टरचा भाव १४ तिकिटांच्या बेरजेच्या दुपटीला जाऊन टेकला. वर प्रत्येकाचं वजन विचारलं. तुम्हाला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: ही लूट आहे का, तिकिटं काढावीत की चार्टर घ्यावं, आणि गुडघे दुखणाऱ्या ७८ वर्षांच्या आईला या विमानातून नेता येईल का.

मी अशाच एका छोट्या बेटसेवेत २२ वर्षं काम केलं. सुरुवात वजनकाट्यापाशी बॅगा तोलण्यापासून झाली, मग डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणांची आखणी करून ती सोडणाऱ्या विभागात गेलो, आणि शेवटची १२ वर्षं नियमित फेऱ्यांचं वेळापत्रक आणि चार्टर, दोन्ही माझ्याच टेबलावर होती. चार्टरचा भाव सांगितल्यावर फोनच्या पलीकडे जी शांतता पडते, ती मी शेकडो वेळा ऐकली आहे. म्हणून तुमचा राग मला समजतो.

तुम्ही बेटाचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडून द्याव्या लागतील. बेटावर इंधन मिळतं का, धावपट्टीला दिवे आहेत का, बोट जाते का, कंपनीकडे एकूण विमानं किती आणि नियमित फेऱ्यांना सरकारी मदत आहे का, या पाच गोष्टींवर उत्तर बरंच फिरतं. पण हिशोबाची रीत सगळीकडे सारखीच असते.

मला विचाराल तर तुमची खरी अडचण भावाची नाही. लग्नाचा मुहूर्त ठरलेला आहे, तो कुणासाठी थांबणार नाही, आणि त्या क्षणी सगळे जण बेटावर हवेत, ही खरी अडचण आहे. लोकांना वाटतं चार्टर घेतलं की ही काळजी मिटली. पैसे जास्त दिले, आता विमान आपलं. हा समज मात्र मला पहिल्यांदा मोडायचा आहे. चार्टरने वेळ निवडता येते, सोबत कोण हे ठरवता येतं, थेट जाता येतं. धुकं, आडवा वारा आणि सूर्यास्त मात्र तिकीटवाल्याला जसे तसेच चार्टरवाल्यालाही.

आधी भावाबद्दल, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज असतात.

नियमित फेरीचं तिकीट ठरवताना कंपनी धरून चालते की ९ पैकी साधारण ६ आसनं भरतील, जातानाही आणि येतानाही. म्हणजे एका बाजूच्या उड्डाणाचा खर्च ६ तिकिटांतून निघायला हवा. (६ हा आकडा मी समजण्यासाठी घेतला आहे, प्रत्येक मार्गाचा वेगळा असतो.) आता तुमचं चार्टर बघा. १४ माणसं म्हणजे दोन खेपा. विमान तुमच्यातल्या ७ जणांना बेटावर सोडतं, रिकामं परत येतं, उरलेल्या ७ जणांना नेतं, पुन्हा रिकामं परत येतं. उड्डाणं चार झाली, त्यातल्या दोनच वेळा तुम्ही आत होतात. खर्च मात्र चारही उड्डाणांचा: ४ गुणिले ६, म्हणजे २४ तिकिटांइतका. तुम्ही तुलना करताय १४ तिकिटांशी. इथेच भाव पावणेदोन पट झाला, आणि यात कंपनीने नफ्याचा एक पैसाही वाढवलेला नाही. त्यात ठरल्या वेळेबाहेर विमानतळ उघडा ठेवावा लागला, अग्निशमनाचा माणूस थांबवावा लागला, वैमानिकाच्या कामाचे तास संपत असल्याने दुसरा बोलवावा लागला, की आकडा दुपटीला जातो. नियमित फेरीत तुम्हाला सोडून परतणाऱ्या विमानात बेटावरचे लोक बसतात: कुणी दवाखान्यात निघालेलं, कुणी कॉलेजला. तुमच्या तिकिटाचा निम्मा भार खरं तर ते उचलतात.

याहून मोठी तफावत दिसली तर बहुधा नियमित तिकिटाला सरकारी आधार असतो. युरोपात १००८/२००८ या नियमाखाली सरकारला एखाद्या दुर्गम मार्गावर सार्वजनिक सेवेचं बंधन घालता येतं. अमुक फेऱ्या झाल्याच पाहिजेत, भाडं अमुक मर्यादेत राहिलं पाहिजे, आणि त्यातून येणारी तूट सरकार भरून देतं. अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरचे निर्बंध उठले, तेव्हा लहान गावांची सेवा बंद पडू नये म्हणून अशीच योजना आली. अशा मार्गावरचं तिकीट म्हणजे खर्चाचा एक भाग फक्त. उरलेला दुसरं कुणीतरी देतं. चार्टरला हा आधार नसतो. तुमच्या कंपनीने दुपटीपेक्षा फार जास्त भाव सांगितला असेल तर हे कारण आधी तपासा, लुटीचा निष्कर्ष मग काढा.

“पण फक्त २५ मिनिटं!” असं तुम्ही लिहिलंय. अंतरावरून भाव ओळखता येत नाही, हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड समजावणं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानफेरी आहे. अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटांच्या आत. १९६७ पासून ती चालू आहे. तिथेही इंजिन तितक्याच वेळा सुरू करावं लागतं, चाकं तितक्याच वेळा जमिनीवर आदळतात, ब्रेक आणि टायर तितकेच झिजतात. विमानाचे कितीतरी भाग तासांवर नाही, तर उतरण्याच्या संख्येवर तपासले किंवा बदलले जातात. मोठं विमान एकदा उतरतं तेवढ्या वेळात बेटावरचं विमान सहा वेळा उतरलेलं असतं. वर खारी हवा. आमच्याकडे दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की गोड्या पाण्याने विमान धुणं हे रोजचं काम होतं. एक दिवस चुकला तरी पुढच्या मोठ्या तपासणीत गंजाची किंमत मोजावी लागायची.

आता वजन. तुमच्या वर्णनावरून ते विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर असावं. १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान आजही जगभरच्या बेटांवर राबतंय. त्याचं उड्डाणाचं कमाल वजन २,९९४ किलो. रिकामं विमान आणि वैमानिक मिळून ढोबळमानाने १,९५० किलो जातात. उरले १,०४४. त्यात इंधन. बेटावर इंधन मिळत नसेल तर परतीचंही इथूनच भरून न्यायचं. शिवाय बेटावर उतरता आलं नाही तर दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचं, आणि त्यावर पिस्टन इंजिनांसाठी ४५ मिनिटांचं अंतिम राखीव, ज्याला हात लावायचा नसतो. सगळं मिळून १६० किलोच्या आसपास. मग माणसं आणि बॅगांसाठी राहिले ८८४ किलो.

९ जण, प्रत्येकी कपड्यांसकट ८० किलो, सोबत १५ किलोची बॅग: ८५५ किलो. बसलं. लग्नाच्या मंडळींचं वेगळं असतं. जाडजूड पोशाख, भेटवस्तू, बूट, कॅमेरे, आणि सरासरी वयामुळे सरासरी वजनही जास्त. माणशी ८५ अधिक २० धरा. ९ जणांचे ९४५ किलो झाले, म्हणजे ६१ किलो जास्त. एक माणूस खाली राहणार. म्हणून ९ आसनी विमानात कंपनी ८ किंवा ७ च माणसं घेते तेव्हा ती आसनं वाया घालवत नसते. तुमच्या १४ जणांचे दोनदा सात-सात केले तर मात्र ७ गुणिले १०५ म्हणजे ७३५ किलो. सुमारे १५० किलो मोकळे राहतात. तुमच्यासाठी ही विभागणी फार सोयीची आहे, हे लक्षात ठेवा. खाली त्यावरच बेत आखला आहे.

मोठ्या विमानात एवढं विचारत नाहीत, कारण तिथे शेकडो प्रवाशांत कमी-जास्त भरून निघतं आणि ठरीव सरासरी वजन चालतं. ९ जणांत ते चालत नाही. खरं वजन लागतं, आणि कोण कुठे बसणार हेही त्यावरूनच ठरतं, कारण विमानाचा तोल पुढे-मागे ठरावीक मर्यादेतच राहायला हवा. २०१३ साली सामोआ एअरने तर भाडंच वजनावर आकारायला सुरुवात केली आणि जगभर चर्चा झाली. बहुतेक कंपन्या तसं करत नाहीत, पण मागचा हिशोब तोच. काट्यापाशी काम करताना मी पाहिलंय, लोक फोनवर सरळ १०–१२ किलो कमी सांगतात. लाज वाटते, समजू शकतो. पण चौघांनी असं सांगितलं की सकाळी काट्यावर ४०–५० किलो अचानक उगवतात, आणि मग कुणाची तरी बॅग मागे राहते. एकदा एका मुलीचा लग्नाचा पोशाख असलेली पेटी अशी राहिली. पुढच्या फेरीने ती पोहोचली, वेळेत पोहोचली, पण त्या चार तासांत तिच्यावर काय गुजरलं असेल याची आठवण मला अजून बोचते. तेव्हापासून मी प्रत्येक लग्नाच्या गटाला फोनवर एकच विनवणी करायचो: खरं वजन सांगा, बूट आणि जाकीट घालून केलेलं, आणि ज्या पेटीशिवाय समारंभ होणार नाही ती कुठली, हेही आधी सांगा. ती पेटी आम्ही सगळ्यात आधी चढवू.

आता तुमच्या निवडीकडे येतो. तिकिटं किंवा चार्टर असे दोनच पर्याय तुम्ही लिहिलेत. तिसरा एक आहे, आणि माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या गटाला तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो: ज्यादा नियमित फेरी. कंपनीला सांगायचं, “अमुक दिवशी आम्ही १४ जण आहोत. तुम्ही एक जादा फेरी वेळापत्रकात टाकाल का? त्यातली ७ आसनं आम्ही आत्ताच घेतो.” कंपनी ती फेरी सगळ्यांसाठी विक्रीला लावते. तुमच्या हिशोबातलं रिकामं परतणारं विमान आता रिकामं येत नाही, कारण परतीची आसनं बेटावरच्या लोकांना विकता येतात. कंपनीची जोखीम कमी होते, तुम्हाला तिकिटाच्याच भावात किंवा थोडं वर जागा मिळते. सरकारी करार असलेल्या मार्गावर यासाठी परवानगी लागू शकते, त्यामुळे दोन-तीन महिने आधी विचारायला हवं. आठवडाभर आधी विचारलंत तर वैमानिकांच्या पाळ्या लागून गेलेल्या असतात आणि नकारच येतो. ही सोय कंपनी स्वतःहून सहसा सुचवत नाही. तुम्ही चार्टरचा भाव विचारता, समोरचा माणूस चार्टरचाच भाव देतो. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं तसंच करत होतो, आणि आज वाटतं की तेव्हा कितीतरी कुटुंबांना मी नको तेवढ्या खर्चात पाडलं.

लग्नाचाच दिवस असेल तर आणखी एक विचारून बघा: त्या दिवशी कंपनीची इतर कुठली चार्टर आहे का? कुणी बेटावरून किनाऱ्याला येणारं असेल, तर त्यांचं रिकामं जाणारं विमान तुम्हाला चालेल आणि तुमचं रिकामं येणारं त्यांना. दोन गट एकमेकांना ओळखतही नसतात, पण दोघांचाही भाव खाली येतो.

कंपनी नियमित फेरीला आधी जागते की चार्टरला, हेही तुम्हाला ठाऊक असायला हवं. दोन विमानांच्या कंपनीत सकाळी एकाचा मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) बिघडला, तर उरलेलं विमान कुठे जाणार? जवळजवळ नेहमी नियमित फेरीकडे. त्या फेरीत टपाल असतं, औषधं असतात, डॉक्टरांची वेळ घेतलेले लोक असतात, आणि करारात ठरलेली फेरी चुकली तर दंडही असू शकतो. आमचा क्रम ठरलेला होता: आधी रुग्ण, मग नियमित फेरी, मग चार्टर. चार्टरवाल्याने जास्त पैसे दिले म्हणून हा क्रम आम्ही बदलला नाही, आणि बदलायला नकोच होता. बेटावर राहणाऱ्यांसाठी ते विमान म्हणजे बस आहे, रस्ता आहे, रुग्णवाहिका आहे. पण याचा अर्थ तुमचं महागडं चार्टर नियमित तिकिटापेक्षा आधी रद्द होऊ शकतं. म्हणून कंपनीला सरळ विचारा: राखीव विमान आहे का, नसेल तर अडचणीत कुणाकडून मागवता, आणि माझ्या उड्डाणाचा नंबर कितवा? चांगली कंपनी या प्रश्नाने दुखावत नाही.

तिकिटांचीही एक दुखरी बाजू आहे, ती म्हणजे साचलेली गर्दी. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे एका दिशेला १८ आसनं. त्यातली १३ भरलेली असतात असं धरू. धुक्याने एक दिवस गेला, १३ जण अडकले. उद्याच्या १८ पैकी १३ आधीच विकलेली, रिकामी ५. परवा पुन्हा ५. शेवटच्या माणसाची पाळी तिसऱ्या दिवशी येते. मोठ्या विमानतळांची सवय असलेल्यांना हे माहीतच नसतं. त्यांना वाटतं रात्रीपर्यंत काहीतरी सोय होईल. बेटावर ‘पुढचं विमान’ म्हणजे तेच विमान, उद्या. युरोपातल्या २६१/२००४ या नियमाने अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची, राहण्याची जबाबदारी कंपनीवर येते. खराब हवामानाला भरपाई मात्र मिळत नाही, आणि लग्न तर कुठलाच नियम परत लावून देत नाही.

हवामानाच्या आणि वेळेच्या बाबतीत बेट आपलं वेळापत्रक स्वतः ठरवतं. स्कॉटलंडच्या बारा बेटावर विमान समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उतरतं, आणि भरती आली की ती धावपट्टी पाण्याखाली जाते. तिथलं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून लावतात. तुम्ही कितीही पैसे दिलेत तरी भरतीच्या वेळी चार्टर उतरणार नाही. कॅरिबियन समुद्रातल्या साबा बेटाची धावपट्टी ४०० मीटर आहे, दोन्ही टोकांना कडा. “१९ आसनी एकच विमान आणा, एका खेपेत काम होईल” असं सुचवताना आधी त्या धावपट्टीला कुठलं विमान झेपतं ते बघावं लागतं. साबाला १९ आसनी ट्विन ऑटर उतरतं, कारण ते अशाच आखूड पट्ट्यांसाठी बनलंय. पण प्रत्येक १९ आसनी विमानाला ते जमत नाही, आणि जमलं तरी तसं विमान जवळपास असायला हवं; लांबून मागवलं तर त्याच्या रिकाम्या येण्या-जाण्याचेही पैसे तुमच्याच माथी.

सूर्यास्ताचं विशेष सांगतो, कारण लग्नांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळे इथे झालेले मी पाहिले. बऱ्याच लहान बेटांच्या धावपट्टीला दिवे नसतात. एका कुटुंबाने समारंभ संपल्यावर संध्याकाळी परतायला चार्टर घेतलं होतं. शेवटची निघण्याची वेळ ५ वाजून १० मिनिटं, हे मी लेखी दिलं होतं, फोनवरही दोनदा सांगितलं होतं. भाषणं लांबली. वैमानिक सव्वापाचपर्यंत धावपट्टीवर उभा होता, मी रेडिओवर होतो, आणि अंधार पडण्याआधी घरी पोहोचायचं तर त्याला निघणं भाग होतं. तो रिकामा परतला. १६ माणसं बेटावर राहिली, राहायला खोल्या नाहीत. त्यात एका वृद्ध गृहस्थांची रात्रीची औषधं किनाऱ्यावरच्या घरी होती. बेटावरच्या परिचारिकेने ती सोय केली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक कुणाची हा वाद मी कधी घातला नाही. त्यानंतर लग्नाच्या दिवशीची संध्याकाळची परतफेरी मी विकणंच बंद केलं.

यावरून तुमच्यासाठी बेत असा आखेन. लग्नाच्या दोन दिवस आधी जा. सकाळच्या फेरीत ७, दुपारच्या फेरीत ७. ज्यांच्याशिवाय लग्न लागणार नाही ती माणसं आणि आई सकाळच्या फेरीत. दुपारची फेरी रद्द झाली तर मध्ये एक आख्खा दिवस हाताशी राहतो. आत्ताच एका फेरीत ७ जागा मिळत नसतील तर वर सांगितलेली ज्यादा फेरी मागा. जड सामान, सजावट, भेटवस्तू आठवडाभर आधी बोटीने किंवा विमान कंपनीच्या मालवाहतुकीतून पाठवा. औषधं आणि समारंभाचे कपडे मात्र स्वतःसोबत. परतीला घाई करू नका. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या दोन फेऱ्या पुरतात.

बोट जात असेल तर सगळे विमानानेच जायचा हट्ट सोडा. धुक्यात विमान थांबतं, बोट जाते. जोराच्या वाऱ्यात बोट थांबते, पण तोच वारा धावपट्टीच्या रेषेत असेल तर विमान जाऊ शकतं. दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची वेळ त्या मानाने कमी येते. तरुण मंडळींतल्या चौघा-पाच जणांना बोटीने पाठवलंत तर विमानातल्या वजनाचा ताणही उतरतो.

मग चार्टर घ्यावं तरी कधी? जाताना आणि येताना दोन्ही वेळा विमान भरत असेल तेव्हा, नियमित फेरी नसलेल्या दिवशी जाणं अटळ असेल तेव्हा, किंवा प्रवासी नियमित फेरीत बसूच शकत नसेल तेव्हा. बंद पडलेला जनरेटर दुरुस्त करायला पेट्यांसकट निघालेले तंत्रज्ञ, वाद्यांसकट निघालेले वादक, आसनं काढून स्ट्रेचर लावावं लागेल असा रुग्ण: यांच्यासाठी चार्टरचा प्रत्येक पैसा योग्य जागी जातो. आईचे गुडघे फारच त्रास देत असतील तर तुमचं प्रकरणही काहीसं त्या बाजूला झुकेल.

चार्टर घेतलंतच तर करारातली तीन कलमं सही करण्याआधी वाचा. हवामानामुळे उड्डाण झालं नाही तर पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते? वैमानिक आणि विमान बेटावर अडकलं तर रात्रीचा खर्च कुणाचा? तुमच्याकडून उशीर झाला तर किती मिनिटं थांबतील? तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा.

आणि एका बाबतीत अजिबात तडजोड करू नका. महाग भाव ऐकला की कुणीतरी म्हणतं, “माझ्या ओळखीच्या एकाचं विमान आहे, निम्म्यात नेईल.” नको. पैसे घेऊन प्रवासी न्यायला एअर ऑपरेटर सर्टिफिकेट लागतं. त्यामागे वैमानिकाची नियमित परीक्षा, देखभालीचे वेळापत्रक, कामाच्या तासांची मर्यादा, विमा, सगळं येतं. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना फ्रान्समधून कार्डिफला नेणारं एक इंजिनाचं खासगी विमान गर्न्सी बेटाजवळ समुद्रात कोसळलं. साला आणि वैमानिक दोघेही गेले. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाच्या अहवालात स्पष्ट आहे की वैमानिकाकडे अशा व्यावसायिक उड्डाणाचा परवाना नव्हता आणि ते उड्डाण व्यावसायिक सुरक्षेच्या निकषांत बसत नव्हतं. नियमित फेऱ्या चालवणारी कंपनी तुम्हाला चार्टर देते, तेव्हा सहसा तेच विमान, तेच वैमानिक, तीच देखभाल मिळते. सर्टिफिकेटचा क्रमांक विचारायला संकोच करू नका. त्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाकडे तो तपासता येतो.

राहिल्या तुमच्या आई. आयलंडरमध्ये आत उभं राहता येत नाही आणि मधून चालायची वाटही नाही. दारं बाजूला असतात, मोटारीसारखी, आणि बाहेरून पायरीवर पाय देऊन थेट रांगेत सरकायचं. ओळखायची सोपी युक्ती अशी: कुणाच्या हाताला धरून आई एखाद्या उंच जीपच्या मागच्या सीटवर चढू शकतात का? चढू शकत असतील तर इथेही जमतं, मदतीला दोन माणसं असतात. जमत नसेल तर कंपनीला आजच सांगा. काही ठिकाणी छोटा रॅम्प किंवा उचलखुर्ची असते, पण ती आधी सांगून ठेवावी लागते. दारापाशची जागा त्यांच्यासाठी मागून घ्या; वजनाच्या हिशोबात बसत असेल तर डिस्पॅचवाले आनंदाने देतात. विमानात स्वच्छतागृह नसतं, आवाज बराच असतो, तेव्हा कानात घालायचे बोळे आणि अंगावर एक शाल असू द्या. वैमानिकाशेजारच्या जागेवरही प्रवासी बसवतात; ती जागा कुणा धडधाकट माणसाला जाऊ द्या, कारण तिथे चढताना पाय जास्त दुमडावा लागतो.

बेटाचं नाव, महिना आणि बोट आहे की नाही एवढं कळवलंत, तर धावपट्टीचे दिवे आणि त्या मोसमातल्या धुक्याचा अंदाज घेऊन फेऱ्यांच्या वेळा नेमक्या सुचवतो. कंपनीला ज्यादा फेरीचं मात्र उद्याच विचारून ठेवा.